बांधीची माती आणि कुंडीतली तुळस

तिरोडा तालुक्यातले चोरखमारा हे गाव नागझिरा अभयारण्याच्या काठावर आहे. गावाच्याच नावाचा मोठा तलाव, धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) आणि पलीकडे जंगल, अशी इथली मांडणी. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. मे महिन्यात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. जमिनीतल्या झाडाची मुळे या दोन्ही टोकांपासून खोल जाऊन स्वतःला वाचवतात. कुंडीतल्या झाडाला ती सोय नसते. वीतभर मातीत जे असेल, त्यावरच त्याला वर्ष काढावे लागते.

ही वीतभर माती बहुतेक वेळा बांधीतून आलेली असते. पूर्व विदर्भातला शेतकरी आपल्या जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशा नावांनी ओळखतो. कन्हार काळी आणि चिकण, मोरंड तिच्याहून हलकी, सिहार पिवळसर आणि धानाला मानवणारी, तर बरडी मुरमाड. धानाच्या बांधीत रोवणीआधी चिखलणी करतात, ती मातीची घडण मोडण्यासाठीच. ढेकळे फुटतात, कणांमधल्या पोकळ्या बुजतात, खाली घट्ट थर तयार होतो आणि पाणी बांधीत उभे राहते. धानाला हे सोसते, कारण त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. वरच्या भागातला प्राणवायू त्यांतून पाण्याखालच्या मुळांपर्यंत पोचतो.

तुळशीच्या मुळांत अशी सोय नाही. गुलाब, मोगरा, जास्वंद, मिरची, लिंबू यांच्यातही नाही. यांच्या मुळांना हवा मिळते ती मातीच्या पोकळ्यांतून. पोकळी पाण्याने भरली की प्राणवायू मुळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यात त्याचा प्रसार सुमारे दहा हजार पट मंद असतो. ज्या मातीत धान जोमाने वाढतो, तीच माती कुंडीत भरून रोज पाणी घातले की तुळस गुदमरते. चोरखमाऱ्यासारख्या धानाच्या गावात कुंडीतले झाड पिवळे का पडले, हे शोधताना सुरुवात इथून करायला हवी. खताचा विचार त्यानंतर.

हे आग्रहाने सांगण्याचे कारण म्हणजे बहुतेक घरी नेमके उलटे घडते. पान पिवळे दिसले की झाडाला खत कमी पडले असे ठरवून चिमूटभर युरिया टाकला जातो आणि तो मुरावा म्हणून तांब्याभर पाणीही घातले जाते. पण मुळांना अन्नद्रव्ये ओढून घ्यायला ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा श्वसनातून येते. हवा नसेल तर माती खताने भरलेली असूनही मूळ उपाशी राहते आणि पानावर उपासमारीचीच लक्षणे दिसतात. अशा वेळी दिलेले खत मुळांच्या उपयोगी पडत नाही. उलट मातीतले क्षार वाढून त्यांचा त्रास आणखी वाढतो.

झाड मलूल झाले म्हणजे ते तहानलेले आहे, असे मानण्याची सवय आधी सोडावी लागते. तहानलेले झाड आणि मुळे कुजलेले झाड, दोन्ही सारखीच माना टाकतात, कारण दोघांच्याही पानांपर्यंत पाणी पोचत नाही. फरक मातीत असतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. कोरडे लागले तर पाणी द्यावे, झाड तास-दोन तासांत उभे राहते. बोटाला ओल लागली आणि तरीही झाड मलूल असले, तर पाणी थांबवावे. उन्हाळ्यात भर दुपारी मोठ्या पानांची झाडे ओल्या मातीतही पाने पाडतात आणि संध्याकाळी सावरतात. ती उन्हाशी चाललेली तात्पुरती जुळवणी असते, तिच्यावर उपाय करू नये. खरी कसोटी पहाटेची. रात्रभराच्या गारव्यानंतरही पाने लोंबत असतील आणि माती ओली असेल, तर मुळांचे काहीतरी बिघडले आहे हे नक्की. मग झाड अलगद उपसून मुळे बघावीत. निरोगी कोवळे मूळ पांढरट आणि टणक असते. कुजलेले तपकिरी, मऊ होते, ओढले की वरची साल हातात येते, आणि मातीला आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो.

कुंडी उचलून बघणे हाही चांगला मार्ग आहे. भरपूर पाणी दिल्यावर कुंडीचे वजन हाताला कसे लागते आणि सुकल्यावर कसे, हे काही दिवसांत कळू लागते. प्लास्टिकच्या बादलीत आणि तेलाच्या डब्यात हे सहज जमते. मोठ्या सिमेंटच्या कुंडीत बोटावरच भिस्त ठेवावी लागते.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा गिट्टी घातली की पाणी झरझर निघून जाते, हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतले पाणी जाड गिट्टीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब होईपर्यंत ते सीमेवरच अडून राहते. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा एक कायम ओला थर असतोच. गिट्टी घातल्याने तो नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. घरच्या घरी हे तपासता येते. भांडी घासायचा चपटा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा, थेंब पडायचे थांबले की उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच आहे, फक्त उंची वाढली. म्हणून चिकण मातीसाठी पसरट कुंडीपेक्षा खोल कुंडी बरी, आणि तळाशी भोक झाकायला खापरीचा एक तुकडा पुरेसा. सुधारणा करायची ती सगळ्या मातीत करावी. एक वाटा बांधीची माती, एक वाटा चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक वाटा जाड रेती, किंवा त्या जागी धानाचा भाजलेला तूस. गोंदिया जिल्ह्यात राईस मिल पुष्कळ, त्यामुळे तुसाला तोटा नाही. तो काळा होईपर्यंतच भाजावा. पांढरी राख झाली तर ती अल्कधर्मी असते आणि पुढे सांगितलेला लोहाचा त्रास तिने वाढतो.

अंगणातल्या तुळशीवृंदावनाबद्दल इथे सविस्तर लिहायला हवे, कारण घराघरातली हीच एक कुंडी अशी असते, जिला पाऊस पडो वा न पडो, रोज पाणी मिळते. अनेक वृंदावने विटा-सिमेंटची बांधलेली असतात आणि बांधताना तळाला भोक ठेवायचे राहून जाते. आषाढ-श्रावणात वरून पावसाचे पाणी, शिवाय आंघोळीनंतरचा तांब्या. तळाशी साचलेले पाणी कुठेच जात नाही. पाने आधी फिकी होतात, मग खालची गळतात, मग फांद्यांचे शेंडे काळे पडतात. खोडाशी जमिनीलगत काळपट पट्टा दिसू लागला की बहुधा उशीर झालेला असतो. पूजेचे पाणी पळीभर दिले तरी चालते. खरे सिंचन माती वरून इंचभर सुकल्यावर करावे, आणि वृंदावनाला बाजूने, तळाजवळ, बोटभर भोक पाडून घ्यावे. पाण्याचा दोष नसतानाही तुळस वाळण्याची आणखी दोन कारणे असतात. मंजिऱ्या पिकून बी धरले की झाडाचा जोर ओसरतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर थंडी वाढली की पाने जांभळट होऊन गळतात. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडत राहिल्या, तर तेच झाड आणखी काही काळ हिरवे राहते. थंडीतल्या या गळतीला मात्र खत देऊन काही मिळत नाही.

उन्हाळ्याची अडचण वेगळी. कन्हार माती सुकली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, मधे चीर पडते. वरून ओतलेले पाणी त्या चिरेतून सरळ खाली जाते आणि बशीत लगेच साचते. बघणाऱ्याला वाटते, कुंडी भिजली. प्रत्यक्षात मुळांभोवतीचा गोळा खडखडीत कोरडाच असतो. कोकोपीटही एकदा पूर्ण सुकले की पाणी झटकन शोषत नाही. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात अर्धा तास बुडवून ठेवावी, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्यावी. मोठ्या कुंडीची चीर लाकडी काडीने बुजवून थोडे थोडे पाणी तीन-चार वेळा घालावे. काळी प्लास्टिकची कुंडी नवतपात स्लॅबवर ठेवली, तर तिच्या कडेची मुळे उष्णतेनेच मरतात, मग माती ओली असली तरी झाड वाळते. अशा कुंड्या एकमेकींना खेटून भिंतीच्या सावलीला ठेवाव्यात आणि मातीवर धानाच्या तणसाचे दोन बोटे जाडीचे आच्छादन घालावे. पालापाचोळाही चालतो, पण तो वाडीतला असावा. अभयारण्यातली पानगळ तिथल्या जमिनीची आहे, ती उचलून आणू नये.

पाण्याचा प्रश्न तपासून झाला आणि मुळे निरोगी दिसली, तर अन्नद्रव्यांकडे वळावे. तिथे पहिला प्रश्न रंगाचा नसून जागेचा असतो: पिवळेपणा जुन्या पानांवर सुरू झाला की कोवळ्या? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड एका पानातून दुसऱ्या पानात हलवू शकते. तुटवडा आला की जुन्या पानांतली काढून शेंड्याला देते, त्यामुळे लक्षण खाली दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन ही एकदा पानात बसली की तिथेच राहतात, जस्त आणि गंधकही फारसे हलत नाहीत. त्यांचा तुटवडा कोवळ्या पानांवर उमटतो.

खालची पाने सगळीकडून सारखी फिकी, झाडाची वाढ खुंटलेली, असे दिसले तर नत्र कमी. चोरखमाऱ्यात पावसाळ्यानंतर हे नेहमी दिसते, कारण नत्राचे नायट्रेट रूप मातीला चिकटत नाही आणि वळचणीखालच्या कुंडीतून ते पाण्याबरोबर वाहून जाते. दुसरे कारण आपणच तयार करतो. कच्चे तणस मातीत मिसळले की ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र आधी स्वतःसाठी घेतात. तणस आच्छादन म्हणून वर ठेवावे किंवा आधी कुजवावे. कच्चा तूस सिलिकामुळे फार सावकाश कुजतो, म्हणून त्याचा हा उपद्रव कमी. उपाय म्हणून मूठ-दोन मुठी गांडूळखत पुरते. युरियाच द्यायचा असेल तर लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, आणि तोही ओल्या मातीत.

लिंबाच्या जुन्या पानावर शिरांमधला भाग पिवळा पडून देठाजवळ हिरवा त्रिकोण उरला, तर मॅग्नेशियम कमी आहे. लिटरला पाच ते दहा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी लागू पडते. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाशाची शंका घेतात, पण कुंडीत कडा करपण्याचे जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे साचलेले क्षार. मातीच्या कुंडीच्या बाहेर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते, ती बोटाने चुरडली तर रवाळ लागते. अशा कुंडीला खत नको. तिच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत.

लोहाचा तुटवडा ओळखायला सर्वांत सोपा. जास्वंद, गुलाब, मोगरा यांची नवी पाने पिवळी, जवळजवळ पांढरी होतात आणि त्यांवर शिरांचे हिरवे जाळे स्पष्ट उरते. पूर्व विदर्भातल्या तांबूस बरडीचा रंगच लोहाचा, तरीही त्या मातीतल्या कुंडीत हे घडते. लोह असते, पण मुळाला घेता येईल अशा विरघळलेल्या रूपात नसते. हातपंपाचे पाणी जड असेल, ज्या पाण्याने भांड्याला पांढरा थर बसतो तसे, तर त्यातल्या बायकार्बोनेटने माती हळूहळू अल्कधर्मी होते. नव्या सिमेंटच्या कुंडीतला चुनाही तेच करतो, आणि कायम ओली माती त्यात भर घालते. पावसाचे पाणी साठवून घातले तरी बराच फरक पडतो.

ही शंका तपासायची रीत पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. १८४०च्या दशकात फ्रान्समधले युसेब ग्री यांनी पिवळ्या पडलेल्या वेलींच्या पानांना लोहाच्या क्षारांचे पाणी लावले आणि पान हिरवे होते हे दाखवले. आपणही तेच करावे. एका लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि थोडा लिंबाचा रस घालून ते पाणी कापसाने एका कोवळ्या पानाच्या अर्ध्या भागाला संध्याकाळी लावावे. आठवडाभरात लावलेला अर्धा भाग हिरवा झाला आणि उरलेला पिवळाच राहिला, तर निदान पक्के. मग पूर्ण झाडावर फवारावे. दुकानातून चिलेटेड लोह घेताना डब्यावरचे नाव वाचावे. ईडीटीए प्रकारचे लोह अल्कधर्मी मातीत टिकत नाही, ते फवारणीसाठी ठीक. मातीत घालायचे तर ईडीडीएचए प्रकारचे घ्यावे.

अन्नद्रव्याच्या तुटवड्याला रोग समजण्याची चूक किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते, हे धानाच्याच एका गोष्टीतून कळते. नैनितालच्या पायथ्याशी तराईत १९६० साली पंतनगरचे कृषी विद्यापीठ सुरू झाले. त्या भागातल्या भातावर रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत तांबूस-तपकिरी ठिपके येत, रोपे खुजी राहत आणि शेतात डागच्या डाग करपलेले दिसत. पानांना येणारा रंग काताचा, म्हणून शेतकरी त्याला खैरा म्हणत. यशवंत लक्ष्मण नेने हे मराठी वनस्पतिरोगशास्त्रज्ञ तेव्हा पंतनगरात होते. रोग शोधणे हाच त्यांचा व्यवसाय, तरीही या रोगाच्या मुळाशी ना बुरशी होती ना विषाणू. हा जस्ताचा तुटवडा आहे, हे त्यांनी १९६६ साली मांडले. जस्ताचे क्षार दिले की पीक सावरते. हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो भिजवलेला चुना, हजार लिटर पाण्यात, ही फवारणी पुढे देशभर रूढ झाली. कुंडीच्या मापात म्हणजे लिटरला पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना.

या शोधातली माझ्या मते सर्वांत मोलाची बाजू पाण्याशी जोडलेली आहे. जमीन सतत पाण्याखाली राहिली की मातीतले जस्त पिकाला मिळेनासे होते, मग ते मातीत असले तरी. बांधीतला खैरा आणि वृंदावनातली फिकी तुळस यांत पिके वेगळी, द्रव्ये वेगळी, पण तुटवड्याला पाण्याने हातभार लावला आहे हे दोन्हीकडे सारखे. स्फुरदाचा अतिरेकही जस्त आणि लोह अडवतो, म्हणून कुंडीत डीएपीचे दाणे वारंवार टाकू नयेत. लिंबाच्या शेंड्याला बारीक, अरुंद, ठिपकेदार पानांचा गुच्छ दिसला तर जस्ताचा विचार करावा. हेच नेने पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेत वरिष्ठ पदावर गेले आणि नंतर त्यांनी एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशन स्थापन केले. त्या संस्थेने सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथाचे नलिनी साधले यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा तो ग्रंथ झाडांच्या व्याधींची विभागणी वात, पित्त आणि कफ यांवरून करतो. आजच्या निदानाला त्या चौकटीचा उपयोग थोडा, पण झाडाची लक्षणे पाहून वर्ग पाडण्याची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे, ते त्यातून दिसते.

टोमॅटोच्या कुंडीत पाणी आणि अन्न यांचे नाते अगदी उघड होते. फळाच्या बुडाशी काळा, दबलेला डाग येतो. तो कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याचा डाग असतो. मातीत कॅल्शियम बहुधा पुरेसे असते, पण ते झाडात फक्त पाण्याच्या ओघाबरोबर चढते आणि हा ओघ पानांकडे अधिक, फळांकडे कमी असतो. दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब, असे पाणी दिले की फळ उपाशी राहते. चुना घालून हे सुटत नाही, नियमित ओल ठेवल्याने सुटते. डाग पडलेली फळे तोडून टाकावीत, पुढची चांगली येतात.

काही लक्षणे अन्नाची नसतात. उन्हाळ्यात गुलाबाची पाने धुळकट, बारीक ठिपक्यांनी फिकी झाली तर पान उलटून पांढऱ्या कागदावर झटकावे. हलणारे बारीक कण दिसले तर ते लाल कोळी. मिरचीची पाने आकसून वळली तर फुलकिडे, कोळी किंवा विषाणू, म्हणजे चुरडा-मुरडा. वांगे-टोमॅटोच्या मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

उपाय केल्यावर जुनी पिवळी पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही. पूर्ण पिवळी झालेली बहुधा गळतात. पाहायचे ते नवे पान, आणि उन्हाळ्यात त्याला दोन-तीन आठवडे, थंडीत त्याहून अधिक वेळ द्यावा. या काळात दुसरे खत, तिसरी फवारणी असे काही करू नये, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. मुळे कुजलेले झाड वाचवायचे असेल तर कुजकी मुळे कापून टाकावीत, तेवढ्याच प्रमाणात फांद्या छाटाव्यात, नव्या भुसभुशीत मातीत आणि आधीपेक्षा मोठ्या नव्हे तर लहान कुंडीत लावावे. नवी पालवी फुटेपर्यंत सावलीत ठेवावे आणि खत देऊ नये. मुळे कुंडीच्या भिंतीला गोल गोल वेढे घालून बसली असतील आणि पाणी दिवसातून दोनदा लागत असेल, तर मात्र मोठी कुंडी हवी. चोरखमाऱ्यात कुंडी बदलण्याचे काम मृगाच्या पहिल्या पावसानंतर, ऊन उतरले की करावे. नवतपात मुळे उघडी केलेले झाड क्वचितच सावरते.